सेल्फ कोण आणि घड्याळ कुणाचं?

प्रिय दोस्त,

क्वेक या खेळासाठी तू लिहिलेला मॉड, म्हणजे खेळाचे नियम बदलणारा तुझा कोड, चालवून पाहिला. पायरीवर पाय पडताच पाचही पहारेकरी एकदम ओरडतात आणि दिसेनासे होतात, हे माझ्याकडेही तसंच झालं. तुझा अंदाज असा की लूपमधली (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातली) कुठली तरी ओळ त्यांना काढून टाकते आहे. पायरी व्हायला हवी तशी नाहीशी होते, म्हणजे वस्तू काढून टाकणारी रिमूव्हची ओळ बरोबर, मग दोष उरला तो लूपचा. तर्क वाईट नाही. फक्त तुला जे एकदा घडलंय असं वाटतंय, ते सहा वेळा घडलंय.

पायरीच्या टच फंक्शनमध्ये, म्हणजे तिला कुणी शिवलं की चालणाऱ्या कोडमध्ये, तू फाइंडरेडियसनं आसपासच्या एंटिटी (खेळातल्या वस्तू आणि पात्रं) गोळा करतेस. त्यात राक्षस (पहारेकरीही कोडच्या लेखी राक्षसच) सापडला की सेल्फमध्ये त्याला बसवतेस, शत्रू म्हणून खेळाडू दाखवतेस आणि 'शत्रू दिसला' असं त्याला कळवणाऱ्या फाउंडटार्गेटला हाक मारतेस. इथवर सगळं ठीक, म्हणून तर ते ओरडतात. लूप संपल्यावर शेवटची ओळ येते: रिमूव्ह सेल्फ. ती लिहिताना तुझ्या डोळ्यांसमोर पायरी होती. पण त्या क्षणी सेल्फमध्ये पायरी नाही, लूपमध्ये सर्वांत शेवटी आलेला पहारेकरी आहे. तो जातो, पायरी राहते. पुढच्या फ्रेमला (खेळाच्या पुढच्या क्षणचित्राला) खेळाडू अजून पायरीवरच उभा असतो, टच पुन्हा चालतं आणि दुसरा जातो. असे पाच फ्रेममध्ये पाच पहारेकरी संपतात. सहाव्या फ्रेमला लूपला एकही राक्षस सापडत नाही, सेल्फ कुणी बदलत नाही, आणि शेवटची ओळ पहिल्यांदाच तुझ्या मनासारखं वागून पायरी काढते. म्हणून ती ओळ तुला निर्दोष वाटली.

हे मला वाचून सापडलं असं समजू नकोस. तुझा कोड मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्या ओळीवरून डोळे सरळ पुढे गेले, कारण 'सेल्फ' वाचलं की आपण मनात 'मी' म्हणतो, आणि पायरीच्या फंक्शनमधला 'मी' म्हणजे पायरी, हे मन परस्पर ठरवून टाकतं. क्वेकसीमध्ये, म्हणजे क्वेकचे नियम ज्या भाषेत लिहितात तिच्यात, सेल्फ हा साधा ग्लोबल व्हेरिएबल आहे, सगळ्या कोडची सामायिक जागा. शेवटी ज्यानं त्यात जे ठेवलं तेच त्यात असतं. खेळ चालवणारं इंजिन टच किंवा थिंक (ठरल्या वेळी चालणारं फंक्शन) चालवायच्या आधी त्यात योग्य एंटिटी ठेवतं. त्यानंतरची जबाबदारी तुझी.

मग सापडलं कसं? टच फंक्शनच्या पहिल्याच ओळीत मी डीप्रिंट (कन्सोलवर ओळ छापणारी आज्ञा) टाकलं, ती दिसावी म्हणून कन्सोलमध्ये डेव्हलपर १ केलं आणि पायरीवर गेलो. एक ओळ उमटेल अशी अपेक्षा होती, सहा उमटल्या. तिथंच निम्मं काम झालं. किडा, म्हणजे कोडमधली चूक, शोधताना 'ही ओळ चालते का' हे आपण विचारतो, 'किती वेळा चालते' हे विचारायचं राहून जातं.

इथं एक खड्डा आहे, त्यात मीही पडलो आहे. मी प्रत्येक ओळीसोबत वेळही छापली होती, आणि सहाही ओळींवर तीच वेळ: १४.२. एखाद्याला वाटेल, सगळं एकाच क्षणी झालं, म्हणजे लूपच. पण संख्येची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करून देणारं एफटूएस पूर्णांक नसलेली संख्या दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत छापतं. मूळ इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त ७२ फ्रेम चालवतं, म्हणजे दोन फ्रेममध्ये साधारण १४ मिलिसेकंद. पाच-सहा फ्रेम एका दशांशात सहज लपतात. छापण्याआधी वेळेला १००० नं गुणलं आणि सहा वेगवेगळे आकडे समोर आले. तेव्हा वेळ छापशील तर गुणूनच छाप. आणखी एक: एफटूएसकडून मिळालेली स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये साठवून ठेवू नकोस. इंजिन त्यासाठी एकच तात्पुरती जागा वापरतं. दुसऱ्यांदा बोलावलंस की पहिली पुसली जाते आणि दोन्हीकडे दुसराच आकडा दिसतो. छापायचं ते मिळाल्या मिळाल्या छापून मोकळं व्हायचं.

खेळ सुरू करताना कमांड लाइनवर कॉनडिबग दिलंस तर कन्सोलमधलं सगळं क्यूकन्सोल.लॉग या फाइलमध्ये उतरतं. मारामारीच्या मधोमध वर सरकणाऱ्या ओळी वाचण्यापेक्षा नंतर शांतपणे फाइल उघडलेली बरी.

दुरुस्ती तुला आता कळलीच असेल. लूपच्या आधी सेल्फ एका व्हेरिएबलमध्ये ठेव, लूप झाला की परत आण. मूळ कोडमध्ये इजा करणारं टीडॅमेज उघडून बघ. दुखापत झालेल्याच्या नावानं वेदनेचं फंक्शन चालवायचं असतं, म्हणून आधी ओल्डसेल्फमध्ये जुना सेल्फ ठेवतात, काम झालं की परत लावतात. मात्र जिथं सेल्फ बदलतेस तिथंच, त्याच वेळी, परत लावायची ओळ आधी लिही आणि मग मधलं भर. नंतर लिहू म्हटलं की ती राहते. आणि मध्येच फंक्शनमधून बाहेर पडणारा एखादा रिटर्न असेल तर तिथंही परत लावावं लागतं, हे विसरू नकोस.

ग्लोबल फक्त सेल्फ नाही. मेकव्हेक्टर्सचे पुढची, उजवी आणि वरची दिशा सांगणारे तीन व्हेक्टर, सरळ रेषेत वाटेत काय आहे ते पाहणाऱ्या ट्रेसलाइननं भरलेली सगळी माहिती, हे सारं सामायिक फळ्यावर लिहिलेलं असतं. मधे दुसरं फंक्शन बोलावलंस आणि त्यानंही ट्रेसलाइन केली, तर तुझं उत्तर पुसलं गेलं. मी एकदा एक तोफ केली होती जी आधी बरोबर नेम धरायची आणि आवाज करून भलतीकडे गोळा फेकायची. दोष गोळ्याच्या कोडमध्ये दोन दिवस शोधला. तो नळीच्या तोंडाशी ठिणगी उडवणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये निघाला. तिथं मी दुसऱ्याच कोनानं मेकव्हेक्टर्स केलं होतं.

आता घड्याळाबद्दल. हे सांगायला मला थोडी लाज वाटते, पण तू दारांकडे वळणार आहेस असं लिहिलं आहेस, म्हणून सांगतो.

क्वेक १९९६ साली आला आणि तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरनं खेळाच्या नियमांचा क्वेकसी कोडही लोकांच्या हाती दिला. इंजिनाचा कोड मात्र तेव्हा मिळाला नव्हता, तो १९९९ च्या डिसेंबरात खुला झाला. मी त्या मधल्या काळात एक दार लिहीत होतो. मूळ दाराच्या कोडमध्ये नेक्स्टथिंक, म्हणजे थिंक पुढे कधी चालवायचं ती वेळ, ठरवताना जिथं तिथं टाइमऐवजी सेल्फचा एलटाइम लिहिलेला होता. बाकी सगळीकडे टाइम, इथंच मधे एक एल. मला ती टायपिंगची चूक वाटली. मोठ्या मनानं मी ती सुधारली.

दार वर गेलं की ३ सेकंद थांबून खाली यायचं. मी नकाशा सुरू करायचो, धावत दाराशी जायचो, दार उघडायचं, थोडं रेंगाळायचं, मिटायचं. छान. मग मॉड एका मित्राला खेळायला दिला. त्याचं म्हणणं, दार उघडतं पण बंदच होत नाही. मी पुन्हा पाहिलं, बंद होत होतं. त्यानं पुन्हा पाहिलं, होत नव्हतं. आमचं यावरून भांडण व्हायची वेळ आली.

फरक एवढाच होता की मी थेट दाराशी जात होतो आणि तो माणसासारखा खेळत होता. आधी सगळ्या खोल्या फिरून चार मिनिटांनी दाराशी पोचायचा. नंतर मोजलं तेव्हा दिसलं, दार आधी जितका वेळ मिटून पडलेलं असे, तितकाच वेळ ते जास्त उघडं राहत होतं. असा नेमका हिशेब लागला की किडा सापडल्यातच जमा असतो. खरी भीती वाटते ती कधी होणाऱ्या, कधी न होणाऱ्या चुकीची.

कारण मला इंजिनाचा कोड वाचल्यावर उमगलं. दारं, लिफ्ट अशा ढकलणाऱ्या वस्तूंना स्वतःचं घड्याळ असतं, तेच एलटाइम. दार वाटेत कुणामुळे अडलं तर त्याचं घड्याळही थांबतं, म्हणून अडथळा दूर झाल्यावर ते बरोबर ठरलेल्या जागी जाऊन थांबतं. पुढचं काहीच काम ठरलेलं नसेल तेव्हाही हे घड्याळ जागचं हलत नाही. चार मिनिटं मिटून पडलेल्या दाराचं घड्याळ चार मिनिटं मागे असतं. त्याला मी जगाच्या घड्याळातली वेळ देत होतो. दार बिचारं आपल्या घड्याळात ती वेळ होईपर्यंत उघडं राहून वाट बघत होतं.

तेव्हा साध्या एंटिटीला टाइम, ढकलणारीला एलटाइम. हाफ-लाइफ हा खेळ १९९८ मध्ये क्वेकच्याच इंजिनात बदल करून केलेला आहे, त्यामुळे पुढे कधी तिकडे वळलीस आणि सी प्लस प्लसमध्ये लिहू लागलीस तरी नेक्स्टथिंक आणि एलटाइम ही जोडी तिथंही भेटेल. आणि मूळ कोडमधली विचित्र दिसणारी ओळ 'सुधारण्याआधी' ती किती ठिकाणी आहे ते मोज. एका ठिकाणी असेल तर चूक असू शकते. सगळ्या दारांमध्ये असेल तर तुलाच काहीतरी ठाऊक नाही.

थिंकबद्दल एक बारीकशी गोष्ट: इंजिन थिंक चालवण्याआधी नेक्स्टथिंक शून्य करतं. फंक्शनमध्ये तू तो पुन्हा ठरवला नाहीस, तर ती एंटिटी परत कधीच विचार करणार नाही. 'राक्षस गोठला' अशा तक्रारींमध्ये मी पहिल्यांदा हेच बघतो.

तू पत्राच्या शेवटी साखळी स्फोटांचं विचारलं आहेस. पिंप फुटलं की शेजारचं फुटावं वगैरे. जमेल, पण फाइंडरेडियस आपली यादी प्रत्येक एंटिटीच्या चेन या फील्डमध्ये गुंफून देतं, आणि ते फील्ड एकच आहे. यादीवरून फिरताना मधेच दुसरं पिंप फुटलं आणि त्यानंही फाइंडरेडियस केलं, तर तुझ्या हातातली साखळी तुझ्या नकळत बदलते. मग कुणाला दोनदा इजा, कुणाला अजिबात नाही. दुसऱ्या पिंपाला लगेच फोडू नकोस. त्याचा नेक्स्टथिंक टाइम अधिक ०.१ कर आणि फोडायचं काम त्याच्या थिंकवर सोड. दिसायलाही ते जास्त चांगलं दिसतं, स्फोट एकामागून एक पसरत जातात.

आणि एवढ्या मोठ्या नकाशात चाचणी करणं कृपया बंद कर. एक खोली, एक पायरी, दोन पहारेकरी. पाच मिनिटांत बनते. दोन बदल एकदम करून कम्पाइल करू नकोस, हे तुला आधीही सांगितलं होतं, आणि तू ऐकलं नाहीस ते फाइलवरून दिसतंच आहे.

सेल्फ परत लावून मी तुझी पायरी पुन्हा चालवली. पाचही पहारेकरी ओरडतात, धावून येतात, मला मारतात. उत्तम. पण तुझ्या लूपमध्ये अजून एक किडा आहे आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. बंदूकवाल्या पहारेकऱ्याला पायरीच्या अगदी जवळ गोळी घाल आणि तो कोसळू लागताच, त्याच क्षणी, पायरीवर पाय टाक. वेळ साधली तर तो पडता पडता उठेल, तुझ्या अंगावर धावून येईल आणि मग कितीही गोळ्या घातल्यास तरी मरणार नाही. मरणाच्या ॲनिमेशनचे पहिले दोनेक फ्रेम तो अजून सॉलिड (ज्याला धडकता येतं असा) असतो, म्हणून फाइंडरेडियसला सापडतो. तो पुन्हा का मरत नाही ते किल्ड या फंक्शनमध्ये आहे. दुरुस्ती एका ओळीची आहे. ती कुठं घालायची ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
जुना दारवाला