ताज्या नोंदी आधी दाखवताना शेवटची पानं इतकी हळू का येतात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 40 लाख नोंदी आहेत, शोधाचे निकाल ताज्या तारखेपासून मागे, पानाला 20, लिमिट-ऑफसेट (किती ओळी द्यायच्या आणि आधीच्या किती सोडायच्या) वापरून. तारखेवर इंडेक्स आहे, तरी 50,000व्या पानाला कित्येक सेकंद लागतात. शिवाय कधीकधी तीच नोंद लागोपाठच्या दोन पानांवर दिसते.

दोन्हींचं मूळ ऑफसेटमध्ये आहे. बी-ट्री इंडेक्सला (क्रमाने लावलेली नेहमीची सूची) 'ही किंमत (व्हॅल्यू) कुठे आहे' हे पटकन सांगता येतं; 'दहा लाखावी नोंद कोणती' हे सांगता येत नाही. म्हणून डेटाबेस आधीच्या 9,99,980 नोंदी एकेक करून ओलांडतो, टाकून देतो आणि मग तुमच्या 20 हातात ठेवतो. मधल्या काळात वर एक नवी नोंद आली की सगळं एकाने खाली सरकतं आणि मागच्या पानावरची शेवटची नोंद पुढच्या पानावर पुन्हा उगवते. (इतक्या मागे माणसं क्वचित जातात. लॉग बघा, बहुधा क्रॉलर, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम, सापडतील.)

तेव्हा पानाचा क्रमांक पाठवणं सोडा, शेवटच्या नोंदीची किंमत पाठवा. यालाच कीसेट पेजिनेशन म्हणतात. नुसती तारीख पुरत नाही, कारण एकाच क्षणी दोन नोंदी होऊ शकतात. जोडीला आयडी घ्या. इंडेक्स तारीख आणि आयडी असा एकत्र, क्रम लावणारं ऑर्डर बायही त्याच क्रमाने. अट लिहिताना 'तारीख लहान आणि आयडी लहान' असं लिहू नका, त्यात नोंदी गळतात. खरी अट: तारीख लहान, किंवा तारीख तीच आणि आयडी लहान. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही कॉलम कंसात घालून जोडीची तुलना थेट करता येते आणि ती इंडेक्सही नीट वापरते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये ती सोय नाही, तिथे 'किंवा'वाली लांब अटच लिहावी लागते. एकच कॅटेगरी निवडण्यासारखा फिल्टर कायम लागत असेल तर तो कॉलम इंडेक्समध्ये सर्वांत आधी ठेवा.

इथे एक छुपा खड्डा आहे. पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत साठवतं, जावास्क्रिप्टचं डेट मिलिसेकंदापर्यंतच. ब्राउझरमधून फिरून आलेल्या वेळेचे शेवटचे तीन अंक उडालेले असतात, आणि त्या फटीतल्या नोंदी कुठल्याच पानावर दिसत नाहीत. एररही येत नाही! वेळ मजकूर म्हणूनच पाठवा आणि तशीच परत घ्या.

पुढे अजून काही आहे का हे कळायला 20 ऐवजी 21 ओळी मागवा. मागच्या पानासाठी तुलना आणि क्रम दोन्ही उलटे करा, आलेल्या ओळी कोडमध्ये पुन्हा उलट्या लावा.

यात थेट 'पान 37' वर उडी मारता येत नाही. माझ्या मते शोधात ती फारशी कुणाला लागतही नाही. तारखेचा फिल्टर द्या, तो जास्त उपयोगी पडतो. क्रमांक हवेतच असतील तर ऑफसेट फक्त आयडींवर लावा आणि पूर्ण ओळी त्या 20 आयडींच्याच आणा. दुखणं कमी होतं, जात नाही.

एकूण निकाल किती हे प्रत्येक पानावर मोजत असाल तर तेही थांबवा. पोस्टग्रेसला काउंटसाठी जुळणाऱ्या सगळ्या नोंदी तपासाव्या लागतात. आतल्या क्वेरीत 1,001 ची लिमिट घालून मोजा आणि '1,000 हून जास्त' असं दाखवा.

निकाल तारखेऐवजी जुळणीच्या गुणांनुसार लावत असाल तर मात्र कीसेटने फार वाचत नाही, कारण ते गुण प्रत्येक शोधात सगळ्या जुळणाऱ्या नोंदींसाठी नव्याने काढले जातात. तिथे सरळ मर्यादा घाला. इलॅस्टिकसर्च हे खास शोधासाठीचं सॉफ्टवेअरसुद्धा साध्या पेजिंगला मुळात 10,000 वर थांबवतं.

बदल केल्यावर एक्सप्लेन ॲनलाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) चालवा. तुमची तुलना 'इंडेक्स कंड' या ओळीत दिसायला हवी. ती 'फिल्टर'खाली दिसली आणि शेजारी लाखो ओळी वगळल्याचा आकडा असला, तर इंडेक्समधल्या कॉलमांचा क्रम आधी तपासा.