जानेवारीच्या अर्धमॅरेथॉनसाठी मधल्या शर्यतींची निवड

आपण मुलुंडला राहता, जूनपासून धावण्याच्या क्लबात जाता, दहा किलोमीटरला आपल्याला ६५ मिनिटे लागतात आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधली २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावण्याचा आपला निश्चय आहे. क्लबाच्या मासिक पत्रकात ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतच्या आठ शर्यती दिल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या धावाव्यात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तीनच धावाव्यात: पावसाळ्यात दहा किलोमीटरची एक, डिसेंबरच्या पूर्वार्धात सपाट रस्त्यावरची एक आणि जानेवारीतली मुख्य शर्यत. उरलेल्या पाचांपैकी एखादीत स्वयंसेवक म्हणून उभे राहावे. त्याविषयी पुढे लिहितो.

शर्यत म्हणजे केवळ त्या सकाळचे दोन-अडीच तास नव्हेत. आधीच्या आठवड्यात सराव कमी करावा लागतो आणि नंतरच्या आठवड्यात पाय पूर्ववत होईपर्यंत सावकाश धावावे लागते, म्हणजे एकेका शर्यतीपायी लांब पल्ल्याच्या सरावाचे दोन रविवार खर्ची पडतात. ऑगस्ट ते जानेवारीचा मध्य या काळात साधारण चोवीस रविवार मिळतात. आठही शर्यती धावल्या तर त्यांतले सोळा शर्यतींतच जातील आणि ज्या सावकाश, लांब धावण्याने अर्धमॅरेथॉनची ताकद तयार होते, त्याला जेमतेम आठ उरतील. क्लबाच्या गटात दर सोमवारी पदकांची छायाचित्रे येतात, ती पाहून आपणही नाव नोंदवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नव्या धावपटूंचे गुडघे आणि पोटऱ्या दुखावतात त्या बहुधा याच घाईने, असे इतकी वर्षे क्लबात पाहत आलो आहे.

निवड करताना वेळापत्रक जानेवारीपासून मागे लावत यावे. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तिची अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरापासून पहाटे पाचच्या सुमारास सुटते, वांद्र्याकडून सागरी सेतूवर चढते, वरळी आणि हाजीअलीवरून पेडर रोड ओलांडून चौपाटीला उतरते आणि मरीन ड्राइव्हने दक्षिणेकडे येते. मार्गात आणि वेळेत थोडाफार बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा अवश्य पाहावा. सागरी सेतू ५.६ किलोमीटर लांबीचा आहे आणि एरवी त्यावर पायी जाता येत नाही, त्यामुळे तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाला उत्साह येतो. वारा गार असतो, अंधार असतो, पाय ताजे असतात आणि आपला वेग किती वाढला आहे हे कळत नाही. अनेकांची शर्यत इथेच बिघडते, मात्र ती बिघडल्याचे त्यांना पेडर रोडवर जाणवते.

पेडर रोडचा चढ मुळात फार मोठा नाही. घाटात धावलेल्या माणसाला तो किरकोळ वाटेल. अडचण आहे ती त्याच्या जागेची. तो शर्यतीच्या उत्तरार्धात येतो, जेव्हा मांड्या जड झालेल्या असतात आणि अजून अख्खे मरीन ड्राइव्ह शिल्लक असते. तिथले रहिवासी पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभे असतात. संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ असे हातावर ठेवतात आणि बिबवरचे, म्हणजे छातीवरच्या क्रमांकपट्टीवरचे, नाव वाचून हाका मारतात. त्या हाकांनी वेग वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पावले आखूड टाकावीत, नजर दहा-पंधरा पावलांपुढे ठेवावी, श्वासाची लय सांभाळावी आणि घड्याळातला वेग घसरला तर घसरू द्यावा. केम्प्स कॉर्नरकडच्या उतारावर तो वेळ काही अंशी भरून निघतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकी अभियंता पीट रीगल यांनी १९७७ साली मांडलेले सूत्र आजही उपयोगी पडते. त्यानुसार अंतर दुप्पट झाले की दर किलोमीटरला लागणारा वेळ सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. आपल्या ६५ मिनिटांवरून अर्धमॅरेथॉनचा हिशेब २ तास २३ मिनिटांच्या आसपास येतो. हे सूत्र पुरेसा लांब सराव झालेला आहे असे गृहीत धरते. आपली ही पहिलीच अर्धमॅरेथॉन आहे, शिवाय मुंबईची दमट हवा आणि पेडर रोड आहेच, म्हणून अडीच तासांचे उद्दिष्ट ठेवावे, असे मी सुचवेन. म्हणजे किलोमीटरला सरासरी ७ मिनिटे ७ सेकंद पडतात. सेतूवर ७ मिनिटे १५ सेकंदांच्या वेगाने धावलात तर ताकद शिल्लक राहील.

आता डिसेंबर. वसई-विरारची मॅरेथॉन साधारणपणे त्या महिन्याच्या पूर्वार्धात असते आणि तिच्यात अर्धमॅरेथॉनही असते. जानेवारीच्या शर्यतीला त्यानंतर पाच-सहा आठवडे उरतात. पाय सावरून शेवटचे दोन मोठे सराव करायला तेवढा काळ पुरतो. रस्ता बहुतांशी सपाट आहे आणि गावागावांतली माणसे मनापासून प्रोत्साहन देतात. या शर्यतीकडे रंगीत तालीम म्हणून पाहावे: जानेवारीत जे बूट, जे मोजे, जो बनियन घालणार, तेच इथे घालावे, पहाटे उठून जे खाणार तेच इथे खावे, आणि पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा सावकाश धावता येतात का, हे तपासावे. मुलुंडहून वसई-विरारला पहाटे पोहोचणे अवघड आहे, तेव्हा आदल्या रात्री तिकडच्या एखाद्या क्लबमित्राकडे मुक्काम करणे उत्तम.

पावसाळ्यातल्या शर्यतीसाठी पत्रकात साताऱ्याची हिल अर्धमॅरेथॉन आणि ठाण्याची एक अशा दोन आहेत. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वराचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच रस्त्याने परत उतरायचे असते. ती फार सुंदर शर्यत आहे आणि चढाची भीती कायमची घालवते, परंतु आपण अजून पंधरा किलोमीटर सलग धावला नसाल तर या वर्षी ती करू नये. चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो: उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतात आणि खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. आपण ठाण्याची दहा किलोमीटरची शर्यत घ्यावी आणि चढाचा सराव बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात करावा. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता आधी सौम्य चढउतारांचा आहे आणि लेणी जवळ आली की चांगलाच चढतो. पावसात कडेला शेवाळ धरते, ओल्या पानांचा थर साचतो, म्हणून उतरताना रस्त्याच्या मध्यावरून आणि आखूड पावलांनी यावे. शहरातल्या रस्त्यांवर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे ओली असताना तितकीच निसरडी असतात.

ऑक्टोबरात मात्र कोणतीही शर्यत घेऊ नये, मग ती घराजवळ असो की क्लबातले सगळे जात असोत. पाऊस ओसरतो, ऊन वाढते आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, घाम आल्याने नव्हे. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागल्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती ऑक्टोबरच्या सकाळी पाहा: तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर धावणाऱ्यांच्या बुटांतून पाण्यात चालल्यासारखा पच्-पच् आवाज येतो, बनियन पिळले तर धार लागते आणि जुलैत सहज जमलेला वेग कोणालाच धरता येत नाही. नवे सदस्य याच महिन्यात निराश होऊन येणे बंद करतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांची ताकद कुठेही गेलेली नसते. उष्ण हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर घड्याळ न पाहता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे.

पाण्याबाबतही याच महिन्यात सवय लावून घ्यावी. दीड तासापेक्षा लांब धावताना केवळ साधे पाणी भरमसाट पिणे धोक्याचे ठरू शकते, कारण त्याने रक्तातल्या सोडियमचे प्रमाण घटते. डोके दुखणे, मळमळ आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. तहान लागेल तसे प्यावे. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ आणि चवीला लिंबू, हे मिश्रण स्वस्त आहे आणि पोटाला सोसते.

नोव्हेंबरपासून हवा सुखद होते, पण धूळ आणि धूर जमिनीलगत साचतात. समीर अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहावा आणि द्रुतगती महामार्गाच्या कडेने लांब पल्ला धावू नये.

कोणतीही शर्यत निवडताना पत्रकातल्या पदकाच्या चित्राऐवजी बारीक अक्षरे वाचावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाणी किती अंतरावर आहे, रुग्णवाहिका किती आहेत, वाहतूक पोलिसांची परवानगी आहे का, वेळ चिपने मोजली जाते का आणि मार्ग प्रमाणित आहे का, हे तिथे लिहिलेले असले पाहिजे. एका छोट्या शर्यतीत मागून येणाऱ्यांसाठी पाणीच उरले नव्हते, हे मी पाहिले आहे, आणि मागून येणाऱ्यांनाच पाण्याची गरज सर्वांत जास्त असते.

मार्ग प्रमाणित असण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दर शर्यतीनंतर क्लबात यावरून वाद होतात. प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचे यंत्र लावलेले असते, ते आधी पोलादी टेपने मोजलेल्या अंतरावर पडताळून घेतात आणि मग धावपटूला कायदेशीरपणे धावता येईल अशा सर्वांत आखूड रेषेने, वळणांच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजणी होते. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण प्रत्येक वळणाला ती आखूड रेषा धरत नाही, गर्दीतून डावीकडे-उजवीकडे जातो, उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संदेशही चुकतो. म्हणून मनगटावरचे घड्याळ २१.१ ऐवजी २१.४ किंवा २१.५ दाखवते. त्यात आयोजकांचा दोष नसतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की घड्याळावर ७ मिनिटे ७ सेकंद दिसत राहिले तर अडीच तासांत पोहोचता येणार नाही. घड्याळावर ७ मिनिटांच्या आसपासची सरासरी लागेल.

आणखी एक गोष्ट मुंबईच्या पावसाळ्याची आहे. साचलेल्या पाण्यातून धावू नये. पायाला जखम असताना त्यातून जावे लागले तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. डेंग्यू, मलेरिया किंवा कोणताही ताप येऊन गेल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय धावणे सुरू करू नये. विषाणूजन्य तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि त्या अवस्थेत जोराने धावणे जिवावर बेतू शकते. शर्यत बुडाली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा आहेच. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये; शरीरातले पाणी कमी झालेले असताना तिचा ताण मूत्रपिंडावर येतो.

स्वयंसेवेविषयी लिहायचे राहिले होते. नोव्हेंबरच्या शर्यतीत आपल्या क्लबाकडे पाण्याच्या टेबलाचे काम आहे, असे पत्रकात म्हटले आहे. तिथे नाव द्यावे. पेला तळाशी नव्हे तर वरच्या कडेला धरून पुढे करावा, म्हणजे धावणाऱ्याला तो खालून पकडता येतो. पेला अर्धाच भरावा. आणि पहिल्याच टेबलाशी गर्दी होते म्हणून धावपटूंना पुढच्या टेबलाकडे हाताने दाखवावे. तासभर तिथे उभे राहिलात की कोण सावकाश सुरुवात करून शेवटी ताजेतवाने दिसतो आणि कोण चौथ्या किलोमीटरलाच तोंडाने श्वास घेतो, हे आपल्या डोळ्यांनी दिसेल. शर्यत संपल्यावर सर्वांत शेवटचा धावपटू येईपर्यंत टेबल उचलू नये, हा आपल्या क्लबाचा नियम आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे.

जानेवारीच्या नोंदणीकडे मात्र आजच लक्ष द्यावे, कारण अर्धमॅरेथॉनच्या जागा लवकर भरतात. बिब शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. आधीच्या दिवसांत भरणाऱ्या एक्स्पोला, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनाला, स्वतः ओळखपत्र घेऊन जावे लागते. त्या रविवारी पहाटे विशेष लोकल सोडल्या जातात, त्यांचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात जाहीर होते. मुलुंडहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने माहीम गाठायचे आहे. सुरुवातीच्या जागेपर्यंत पुढे चालावे लागते आणि शौचालयांपुढे मोठ्या रांगा असतात, तेव्हा सव्वाचारपर्यंत तिथे पोहोचता येईल अशी गाडी धरावी. आपल्या क्लबातले आणखी कोणी मुलुंड-भांडुपहून येणार असतील तर संयोजकांना विचारून त्यांच्या सोबत निघावे.