ध्रुवीय प्राणी आणि हिमनग पाहण्यासाठी जहाजाची सफर निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

सर्वांत आधी जहाजाची प्रवासीसंख्या पाहावी. केबिन आणि इतर सुखसोयींचा विचार त्यानंतर करावा. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा अधिक पर्यटकांना किनाऱ्यावर उतरवले जात नाही आणि 500 हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून तर कोणालाच उतरता येत नाही. त्यामुळे प्रवासी जितके कमी, तितका रबरी होडीतून जाऊन पेंग्विनांच्या वसाहतीजवळ शांतपणे थांबण्यासाठी वेळ अधिक मिळतो, आणि माझ्या मते सफरीचे खरे मोल त्या वेळातच आहे.

त्यानंतर महिना ठरवावा. नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो, डिसेंबरअखेरीपासून पेंग्विनांची पिल्ले दिसू लागतात, आणि देवमासे पाहायचे असल्यास फेब्रुवारी-मार्च उत्तम. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआइया बंदराहून अंटार्क्टिकाकडे जाताना ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यास साधारण दोन दिवस लागतात व तेथील समुद्र अनेकदा खवळलेला असतो, म्हणून बोट लागण्यावरील औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावे.

ध्रुवीय अस्वले मात्र केवळ उत्तरेकडेच आढळतात. त्यांच्यासाठी नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह निवडल्यास चांगली दुर्बीण अवश्य न्यावी, कारण 2025 पासून तेथे अस्वलापासून किमान 300 मीटर, तर 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. मुख्य ओढ हिमनगांचीच असेल, तर ग्रीनलंडमधील इलुलिसाटचा हिमफियॉर्ड (हिमनगांनी भरलेली समुद्राची अरुंद खाडी) ज्या सफरीत आहे ती निवडावी.