‘नाही’ कुठे म्हणायचं

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तक्रारअर्जच. बॅचमधले दोघं पुढच्या ठाण्यांवर गेले आणि तू ब्रिगेड हेडक्वार्टरला गाड्यांचे तक्ते भरत बसलायस. वर विचारतोस, ‘काका, कागद रंगवून कुणी मोठं झालंय का?’

झालंय. अमेरिकेचा जॉर्ज मार्शल. युद्धानंतर युरोपला सावरणाऱ्या मार्शल योजनेमुळे नाव कानावरून गेलं असेल. तुझ्या कामाची आहेत ती त्याची आधीची वर्षं. १९०२ मध्ये सेकंड लेफ्टनंट झालेला हा गडी ब्रिगेडियर जनरल झाला तो १९३६ मध्ये. ३४ वर्षं! पहिल्या महायुद्धात त्याचं मुख्य काम स्टाफचंच, म्हणजे हेडक्वार्टरात बसून आखणीचं. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये एका आघाडीवरून दुसऱ्या आघाडीवर काही लाख माणसं, तोफा, घोडी रात्रीच्या अंधारात, मोजक्या रस्त्यांवरून हलवायची होती. ती आखणी त्याची. म्हणजे तुझेच तक्ते, फक्त लांबलचक. युद्ध संपलं तशी तात्पुरती मिळालेली कर्नलची रँकही गेली. त्याच्याच वयाचा, १८८० चाच, डग्लस मॅकआर्थर १९३० मध्ये लष्करप्रमुख झाला, तेव्हा मार्शल फोर्ट बेनिंगच्या इन्फंट्री स्कूलमध्ये लेफ्टनंट कर्नल होता. तुझी बॅच, माझी बॅच हे दुखणं जुनंच आहे.

पण नुसते तक्ते भरून तो वर गेला नाही. १९१७ मध्ये फ्रान्समधल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल पर्शिंग एका डिव्हिजनच्या पाहणीला आले आणि तिच्या जनरलला त्यांनी सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मार्शलला ते अन्यायाचं वाटलं. पर्शिंग निघाले, तसा यानं त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवलं आणि खऱ्या अडचणी धडाधड सांगितल्या. सोबत्यांना वाटलं, आता याची गच्छंती. झालं उलटंच. नंतर पर्शिंग आले की याला बाजूला घेऊन खरी परिस्थिती विचारायचे. पुढे तर त्यांनी त्याला आपला एडीसी, म्हणजे खास सहायक, करून घेतलं.

दुसरा प्रसंग १४ नोव्हेंबर १९३८ चा, व्हाइट हाउसमधला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना १०,००० विमानं हवी होती. ती उडवायला माणसं, प्रशिक्षण, बाकीचं सैन्य यांचा विचार मागे पडला होता. बैठकीत माना डोलत होत्या. ‘जॉर्ज, तुला नाही का असं वाटत?’ राष्ट्राध्यक्षांनी विचारलं. माफ करा, मला हे अजिबात पटत नाही, असं मार्शल म्हणाला. बाहेर पडताना लोकांनी त्याला जवळपास निरोपच दिला. पुढच्याच वर्षी रूझवेल्टनी कितीतरी ज्येष्ठांना डावलून त्याला लष्करप्रमुख केलं. शपथ झाली १ सप्टेंबर १९३९ ला. त्याच दिवशी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं.

मला हे जमलं नव्हतं, म्हणून एवढं रंगवून सांगतोय. कॅप्टन असताना ऐन पावसाळ्यात ताफा न्यायचा होता. वाटेतला पूल जड गाड्यांच्या लायकीचा नाही, हे आदल्या दिवशी मी स्वतः बघून आलो होतो. साहेबांनी विचारलं, ‘एनी डाउट्स?’ मी म्हणालो, ‘नो सर.’ रात्री अकरा गाड्या नदीच्या अलीकडे उभ्या, जवान बिस्किटांवर. पहाटे साहेब एवढंच म्हणाले, ‘काल तोंडात काय होतं?’

मात्र स्वतःचा विषय निघाला की मार्शल गप्प. १९४३ च्या डिसेंबरात नॉर्मंडीच्या स्वारीचं नेतृत्व त्याला हवंय का, असं रूझवेल्टनी विचारलं. कुठला सैनिक नाही म्हणेल? यानं आपली इच्छा सांगितलीच नाही, निर्णय तुमचा म्हणाला. ती संधी आयझेनहॉवरला मिळाली.

त्याचं परराष्ट्रमंत्रिपद वगैरे मी इथे गाळतो. १९५० च्या सप्टेंबरात, सत्तरीला टेकलेला, एक मूत्रपिंड काढलेला हा माणूस कोरियाच्या युद्धात राष्ट्राध्यक्ष ट्रूमनच्या बोलावण्यावरून संरक्षणमंत्री झाला. पण कायदा आडवा आला. वर्दी उतरवून दहा वर्षं झाल्याशिवाय लष्करी अधिकाऱ्याला ते पद नाही, असा १९४७ चा नियम. त्याच्यासाठी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, खास अपवादाचा कायदा करावा लागला. मला तो नियम आवडतो. सैन्याची सूत्रं बिनवर्दीच्या माणसाकडेच हवीत. आपल्याकडे १९६२ मध्ये ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’, तो सह्याद्रीही यशवंतरावांच्या रूपानं धोतरातलाच होता.

मार्शल जेमतेम वर्षभर मंत्री होता. त्या वर्षातला कळीचा मामला मॅकआर्थरचा. कोरियातल्या या सेनापतीला सरकारचं मर्यादित युद्धाचं धोरण मान्य नव्हतं. म्हणजे ‘नाही’ त्यालाही म्हणायचं होतं. पण त्यानं ते विरोधी पक्षाच्या नेत्याला पत्र लिहून कळवलं, आणि पत्र सभागृहात वाचलं गेलं. मार्शलनं घाई केली नाही. आधी सबुरीनं घ्या म्हणाला, मग पत्रव्यवहाराची फाइल वाचली. ती वाचल्यावर, याला दोन वर्षांपूर्वीच काढायला हवं होतं, असं तो म्हणाल्याचं ट्रूमननी लिहून ठेवलंय. एप्रिल १९५१ मध्ये मॅकआर्थर घरी गेला.

आता तुझ्याकडे येतो. ताफ्याचा रस्ता चुकीचा निवडलाय, हे तू मला लिहिलंस, बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलंस. रसद-वाहतूक बघणाऱ्या तुझ्या डीक्यू साहेबांना सांगितलंस? पत्रात तरी तसा शब्द नाही. आणि हालचालीची माहिती ग्रुपवर? लेका, यावर तर कारवाई होईल.

तो मेसेज आधी काढ, आणि टाकला होता हेही साहेबांना स्वतःच सांग. मग अंतरं, पुलांची क्षमता, इंधन, सगळं एका कागदावर मांड आणि सोमवारच्या कॉन्फरन्सआधी त्यांच्याकडे एकटा जा. पोस्टिंगचं रडगाणं त्या दिवशी नको. कागद मला दाखवायलाही पाठवू नकोस.

तुझा,
काका