समाजव्यवस्था कोलमडली, तर नागपुरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने कोणती तयारी ठेवावी?

चौघांचे कुटुंब, चौथ्या मजल्यावरची सदनिका आणि इन्सुलिन घेणारी आई, अशी परिस्थिती सांगून आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: घरात काय साठवावे, आणि वेळ आलीच तर गावी निघून जावे का. नागपूरपुरते बोलायचे तर मी अन्नाला तिसरे स्थान देईन. त्याआधी पाणी आणि ऊन येतात.

आपल्या नळाचे पाणी पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येते. ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि पुढे जलकुंभांत चढवायला पंप लागतात, म्हणून वीज दीर्घकाळ गेली की मागोमाग नळही कोरडा पडतो. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे शहराला लागूनच असल्यामुळे आपल्याकडे अंधार होणार नाही, असे अनेकांना वाटते. पण ग्रिड, म्हणजे वीज केंद्रांना आणि शहरांना जोडणारे वीजवाहिन्यांचे जाळे, कोसळली की केंद्रांतले संच बंद पडतात आणि ते पुन्हा सुरू करायलाही बाहेरून वीज आणावी लागते. पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता यांसाठी माणशी रोज १५ लिटर पाणी धरले, तर चौघांना ६० लिटर लागेल. या हिशेबाने १,००० लिटर पाणी पंधरवडाभर पुरते. मात्र गच्चीवरची टाकी सगळ्या इमारतीची असते, हे विसरू नये; आपल्या वाट्याला येणारे पाणी आजच मोजून ठेवावे आणि घरात झाकणाचे दोन पिंप वेगळे भरून ठेवावेत.

त्यापुढचे पाणी विहिरीचेच. महाल, इतवारी यांसारख्या जुन्या वस्त्यांत अजून विहिरी आहेत. बोअरवेलमध्ये सबमर्सिबल पंप असेल, तर वीज नसताना तिचा उपयोग नाही. पण उघड्या विहिरीला गडगडी आणि दोर पुरतो. जवळची विहीर कोणाची आहे, तिचे पाणी मे महिन्यात किती खाली जाते आणि गाळ शेवटचा कधी काढला, याची चौकशी करून ठेवावी आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांनी वर्गणी काढून ती आत्ताच उपसून घ्यावी. पिण्याचे पाणी उकळावे. ब्लीचिंग पावडर ठेवायची असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात थोडीच ठेवावी, कारण उघडी राहिली की तिचा जोर ओसरतो.

उन्हाचा विचार लोक करतच नाहीत, याची मला खरोखर काळजी वाटते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा दिवसांत कूलर बंद असताना गच्चीखालच्या सदनिकेत वृद्ध माणसाने दुपार काढणे धोक्याचे आहे, शिवाय पाण्याच्या बादल्या चार जिने चढवायच्या आहेत. म्हणून तळमजल्यावरच्या किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरातल्या एखाद्या नातेवाइकाशी अथवा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. ते घर नाग नदीच्या काठच्या सखल भागात मात्र नसावे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा तिथल्या घरांत रातोरात पाणी शिरले होते.

आईच्या इन्सुलिनसाठी एका मातीच्या मडक्यात दुसरे लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि वरून ओले फडके झाकावे. विदर्भाच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, त्यामुळे ही युक्ती चांगली चालते. पावसाळ्यात तिचा भरवसा धरू नये. कुप्या कोरड्या पिशवीत ठेवाव्यात आणि जास्तीचा साठा किती ठेवता येईल, हे डॉक्टरांना विचारावे.

धान्याचा हिशेब सोपा आहे. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य आणि ८० ग्रॅम डाळ धरली, तर चौघांना महिन्याला साधारण ४८ किलो धान्य आणि १० किलो डाळ लागते. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य वाळवून भरण्याची आपली रीत अजून मोडलेली नाही, ती तीन महिन्यांपुरती जरी पाळली तरी पुरे. परंतु चक्की विजेवर चालते. म्हणून सगळा भर गव्हावर न देता तांदूळ, पोहे, ज्वारीच्या कण्या, मुगाच्या वड्या असे दळणाशिवाय शिजणारे पदार्थ जास्त ठेवावेत आणि घरात जाते असेल तर ते मोडीत काढू नये. गॅसचे एक भरलेले सिलिंडर नेहमी राखीव असावे. श्रीलंकेत २०२२ साली परकीय चलन संपले, तेव्हा स्वयंपाकाच्या गॅससाठी शहरांत लांब रांगा लागल्या होत्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये; तिच्या वायूने झोपेतच माणसे दगावतात.

गावी जाण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिथे आपली शेती किंवा नांदते नाते असेल, विहिरीला पाणी असेल आणि आपण सुखाच्या दिवसांतही तिथल्या कामाला हातभार लावत असाल, तरच जावे. आणि जायचे ठरले तर पेट्रोल मिळत असताना, आईची औषधे बरोबर घेऊन, पहिल्याच आठवड्यात निघावे.