मग मी कोण?

प्रश्न : मुलगा पुण्यात शिकतो, वय १९. दिवाळीत घरी आला आणि हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकवून नाचायला लागला. मनगटं भराभर फिरवतो, उकिडवा बसून लाथा झाडत पुढे सरकतो आणि मधेच धाडकन पाठीवर आडवा! पहिल्यांदा मला वाटलं भोवळच आली. खालच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या. म्हणतो, हे व्होगिंग. मी म्हटलं, मॅडोनाचं ना? तर नुसता हसला. शिवाय फोनवर कुणाला तरी ‘मदर’ म्हणतो. ती चोवीस वर्षांची आहे म्हणे. मग मी कोण?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, भोवळीचं वाचून मी हसले, माफ करा. तीस वर्षं कथक शिकवते, तरी पहिल्यांदा ते पडणं पाहिलं तेव्हा मीही खुर्चीतून उठले होते.

मॅडोनाचं गाणं १९९० चं. त्यात ग्रेटा गार्बो आहे, मर्लिन मन्रो आहे, पण हा नाच जिथे जन्मला त्या हार्लेमचं, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या वस्तीचं, नावही नाही. तिच्याबरोबर नाचणारी होझे आणि लुईस ही पोरं मात्र न्यूयॉर्कच्या ‘हाउस ऑफ एक्स्ट्रावगांझा’मधली. म्हणजे नाच त्यांच्या घरचा आणि जगभर नाव झालं पाहुणीचं. मुलगा हसला तो त्यामुळे.

हे ‘घर’ काय, ते आधी सांगते. पुरुषांनी बायकांचे पोशाख करून उतरायच्या स्पर्धा, म्हणजे ‘बॉल’, हार्लेममध्ये एकोणिसाव्या शतकापासून भरत. पुढे अशा स्पर्धांत काळ्या स्पर्धकांना डावललं जाई. १९६७ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये गोऱ्या स्पर्धकाला मुकुट मिळाला, तेव्हा क्रिस्टल लाबेजा भर कॅमेऱ्यासमोर कडाडली की हा निकाल आधीच ठरलेला होता. १९७२ मध्ये तिने आणि लॉटी लाबेजाने हार्लेममध्ये काळ्या स्पर्धकांचा स्वतःचा बॉल भरवला, ‘हाउस ऑफ लाबेजा’च्या नावाने. मग घरामागून घरं निघाली. घरात आई, कधी वडील, आणि पोरं. आडनाव घराचं लावायचं. आम्ही गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावतो, ही मंडळी नावच लावतात.

बॉलमध्ये ‘रिअलनेस’ नावाचा प्रकार असतो. सुटाबुटातला साहेब किंवा शाळकरी पोरगा असं हुबेहूब चालून दाखवायचं की कुणाला शंका येऊ नये. ऐकायला गंमत वाटते. पण पहाटे घरी जाताना रस्त्यात कुणाला ही मंडळी समलिंगी किंवा ट्रान्स आहेत अशी शंका आली तर मार बसायचा.

आता नाच. जुनी पद्धत, ‘ओल्ड वे’, म्हणजे सरळ रेषा, काटेकोर कोन आणि मासिकातल्या फोटोसारखं थांबणं. नावही ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकावरूनच पडलं. या नाचातला नावाजलेला नर्तक विली निंजा, त्याने त्यात कुंग-फूचे सिनेमे आणि इजिप्तची भित्तिचित्रं मिसळली. पुढच्या पिढीने ‘न्यू वे’ आणला, त्यात हात खांद्यातून निखळल्यासारखे फिरवतात. नव्वदच्या दशकात ट्रान्स बायकांच्या नाचातून ‘व्होग फेम’ वर आलं, आणि तुमच्या हॉलमध्ये चाललंय ते हेच. लेओमी माल्डोनाडो कोण, असं मुलाला विचारून बघा. तासभर बोलेल. तिने २००९ मध्ये अमेरिकी टीव्हीवर हा नाच केला आणि पुढची पिढी तो फोनवर बघून शिकली. जुने लोक म्हणतात, आता नुसती आदळआपट उरली. आमच्या गुरुजींचंही आमच्या चकरांबद्दल हेच मत होतं.

बहिणीकडे जर्सी सिटीला गेले होते तेव्हा मॅनहॅटनमध्ये एका वर्गाला बसले. मनगटांचं काम पाहून शिकवणारा खूश झाला. मी फुशारले. मग त्याने ‘डकवॉक’ सांगितला, म्हणजे टाचा उचलून पूर्ण बसायचं आणि ठेक्यावर एकेक पाय पुढे फेकत चालायचं. चौथ्या पावलाला मांड्यांनी राजीनामा दिला. गुडघ्याला पॅड बांधल्याशिवाय मुलाला हे करू देऊ नका.

आणि ते पडणं. त्याला बाहेरचे ‘डेथ ड्रॉप’ म्हणतात, घरचे ‘डिप’. ते पडणं नसतंच. एक पाय खाली दुमडतो, भार त्यावर तोलून अंग मागे उतरतं, हनुवटी छातीकडे असते म्हणून डोकं वाचतं, दुसरा पाय हवेत. धाडकन आवाज येत असेल तर अजून जमलेलं नाही. पक्कं होईपर्यंत खाली गादी हवी. तिहाई समेवर यावी तसा डिप झांजेच्या दणक्यावर यावा लागतो. चकरा घेऊन समेवर चुकलेली मुलगी मी आयुष्यभर पाहत आले, म्हणून सांगते, ते सोपं नाही.

आता ‘मदर’. अँजी ही त्या एक्स्ट्रावगांझा घराची आई होती. एड्सने ती १९९३ मध्ये गेली, तेव्हा २८ वर्षांची होती. तेव्हा चोवीस हे वय काही फार कमी नाही. आईबापांनी दार लावून घेतलेल्या पोरांना जेवायला घालणारी, बॉलसाठी तयार करणारी, चुकलं तर कान धरणारी ती मदर. आपल्याकडे हिजडा समाजात गुरू-चेले असतात, त्यामुळे ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही.

तुमच्या मुलासाठी कुणी दार लावलेलं नाही. तो दिवाळीला घरी आला आणि तुमच्या डोळ्यांसमोर नाचला. तेव्हा ‘मी कोण’ याची काळजी सोडा. पत्रात तुम्ही आणखी एक गोष्ट विचारता विचारता थांबलात, असं मला वाटलं. तिचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मुलाने आपणहून सांगेपर्यंत थांबलात तर बरं.

खालच्या काकूंना मात्र सांगा, या संगीतात तो दणका दर चौथ्या ठोक्याला येतो. मोजता आला की दचकायला होत नाही.