गाडी-बिडी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोच्या लाल ‘इंडियन’ मोटारसायकलचा फोटो छापला होता, ती लांबट, कवचात बंद असलेली गाडी. त्यावर एवढी पत्रं आली की ॲव्हरेज आणि चेन-सेटच्या प्रश्नांना या वेळी सुट्टी द्यावी लागली. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी राग मानू नये, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आज शोरूममधनं हजार सीसीची गाडी काढली तर ती सरळ तीनशेच्या आसपास जातीय, मग त्या १९२० च्या गाडीनं १९६७ साली तेवढंच गाठलं याचं अजून एवढं काय कौतुक? आमच्या ग्रुपमधली निम्मी पोरं म्हणतात नाद खुळा, निम्मी म्हणतात म्हाताऱ्याचा हट्ट. (राजारामपुरी, कोल्हापूर)

भावा, हट्ट तर होताच, त्यात वाद नाही. मन्रो न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिलचा, १८९९ चा जन्म. इंडियन स्काउट त्यानं १९२० साली नवीन घेतली आणि सत्तेचाळीस वर्षं तीच गाडी खोलत बसला. १९२० म्हणजे आपल्याकडं बाबूराव पेंटरांचा पहिला सिनेमा आला ते साल, आणि तो त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला, म्हणजे विकत मिळत नाही तर करून बघू ही खाज एकट्या न्यूझीलंडची नव्हे.

आता गाडी काय होती ते बघ. ६०० सीसीची व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही सारखे दोन सिलिंडर, कंपनीतनं आली तेव्हा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. १९६७ ला अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिचं रेकॉर्ड झालं ताशी २९५ च्या वर, आणि मन्रोचं वय तेव्हा ६८. तू इंजिनिअरिंगला आहेस म्हणून तुलाच हिशोब घालतो. वेग साधारण ३.३६ पट झाला, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, मग ३.३६ चा घन काढ, ३८ येतो. गाडीचा आकार तोच ठेवला असता तर अडतीसपट ताकद लागली असती आणि ती त्या इंजिनातनं बाप जन्मात निघाली नसती, म्हणून ते कवच, म्हणून तो आत पोटावर पडून गाडी चालवायचा.

पण नुसत्या कवचावर भागत नाही. मूळ इंजिन साइड-व्हाल्व्ह, म्हणजे व्हाल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसवलेले. त्यात चार्ज, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, आत जाताना वळसा घालून जातो आणि वरची जागा पसरट राहते, मग कॉम्प्रेशन वाढवायला गेलं की श्वास अडतो आणि श्वास मोकळा करायला गेलं की कॉम्प्रेशन बसतं. मन्रोनं ते पार उचकटून व्हाल्व्ह डोक्यावर नेले, चार कॅम घातले, वाढवत वाढवत इंजिन ९५० सीसीपर्यंत नेलं. पिस्टन घरच्या शेडमध्ये ओतले, साच्याला जुने डबे. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधनं घासून काढले. मायक्रोमीटरचं काम एका जुन्या स्पोकवर भागवलं.

आणि इथंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. शिरोलीच्या नाहीतर उद्यमनगरच्या कुठल्याही मेस्त्रीला ही गोष्ट सांगून बघ. मी सांगितलीय, दोन-तीन जणांना. एकानंही पहिल्यांदा स्पीड विचारला नाही. एक म्हणाला, डब्यात ओतला तर गॅस कुठनं काढला, आत फुगे नाही धरले? दुसऱ्यानं विचारलं की रॉड घासून दोन्ही एका वजनाचे कशावर केले. तिसरा काहीच बोलला नाही, टेबलावरचा स्पोक उचलून बघत बसला. शोरूमच्या गाडीबद्दल असले प्रश्न पडतच नाहीत, कारण पडून उपयोग काय, उत्तर कंपनीकडं असतं आणि आपल्याकडं असतं सर्व्हिसचं बिल. मन्रोच्या गाडीतला एकेक तुकडा बघितला की व्हाइस असलेल्या माणसाला वाटतं, थांब, हे मी आज रात्री करून बघतो. बहुतेक जमत नाही ते सोडून दे. तीनशेची गाडी विकत घेणाऱ्याचं कौतुक त्याच्या बँकेनं करावं.

प्रश्न: नमस्कार. आमच्या ह्यांच्या गॅरेजमध्ये दोन पेट्या भरून जळके पिस्टन, वाकडे व्हाल्व्ह आणि फुटके गिअर आहेत. भंगारवाला दर महिन्याला विचारतो, मी दर महिन्याला भांडते. त्या फोटोखाली तुम्ही लिहिलं होतं की मन्रोपण तुटके पार्ट जपून ठेवायचा, तेव्हापासून हे ऐकतच नाहीत. आता तुम्हीच सांगा. (गडहिंग्लज)

वहिनी, चूक माझी, पदरात घ्या. पण लिहिलं ते खरं आहे. त्याच्या शेडमध्ये एक कपाट होतं, त्यावर मोडलेले पिस्टन आणि तुटलेले रॉड मांडलेले, आणि लिहिलेलं की हा वेगाच्या देवाला नैवेद्य.

मला त्या कपाटाचा अर्थ वाघबीळला कळला. वडलांची राजदूत घेऊन पन्हाळ्याला निघालो होतो, सकाळची थंडी, गाडी गरम व्हायच्या आधीच कान पिळला आणि चढावर गाडी जाम, मागचं चाक घासत थांबलं. टेम्पोत घालून खाली आणली. मेस्त्रीनं पिस्टन काढला, फडक्यानं पुसला आणि दारात उजेडाला धरला. त्याच्या अंगावर चार उभे ओरखडे, बरोबर चार कोपऱ्यांवर. म्हणाला, तेल कमी असतं तर असं चारी बाजूंनी सारखं धरलं नसतं, हा तुझ्या घाईनं फुगलाय, बाहेरचा सिलिंडर गार आणि हा आत गरम, जाणार कुठं? मग मागच्या फळीवरनं दुसरा पिस्टन काढून दाखवला, त्याच्या डोक्यालाच भोक पडलेलं, तो वेगळ्या कारणानं गेलेला. तिसरा काढला. अर्धा तास तो मला जळके पिस्टन वाचून दाखवत होता, जसं कोणी पत्रिका वाचतं. सगळे भंगारात गेले असते तर माझा पिस्टन कशाशी ताडून बघितला असता?

तर असं करा, एक पेटी ठेवू द्या, एक घालवा. आणि ठेवायच्या पेटीतल्या प्रत्येक तुकड्यावर खडूनं लिहायला लावा, कुठल्या गाडीचा, काय झालं होतं. ज्याचं सांगता येणार नाही तो भंगारवाल्याचा. पहिल्या रविवारीच पेटी निम्मी होईल बघा.

प्रश्न: रेकॉर्डसाठी गाडी दोनदा का पळवतात? आणि मन्रोचा आकडा कुठं २९५ तर कुठं २९६ दिसतो, खरा कुठला? (जयसिंगपूर)

वाऱ्यामुळं. एकदा जाताना, एकदा उलट दिशेनं येताना, आणि दोन्हींची सरासरी, नाहीतर मागनं वारा घेऊन कोणीही पळेल. १९६७ च्या पात्रता फेरीत मन्रो एका दिशेनं ताशी १९०.०७ मैल गेला होता, म्हणजे ३०५ किलोमीटरच्या वर, पण एकाच बाजूचं म्हणून ते रेकॉर्डात धरत नाहीत. आकड्याची गंमत अशी की त्या वेळी सरासरी काढतानाच चूक झाली होती. जाताना १८४.७१०, येताना १८३.४६३, आता तुम्हीच बेरीज करून निम्मे करा, १८४.०८७ मैल येतात, आणि लिहिले होते १८३.५९. ते मन्रोच्या मुलाच्या लक्षात आलं आणि २०१४ साली अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेनं दुरुस्त केलं, मन्रो जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर. म्हणून २९५ जुना, २९६ आत्ताचा.

प्रश्न: माझी येझदी आहे, इंजिन चांगलं आहे. पोर्टिंग करून, हेड घासून हायवेला कागलपर्यंत दीडशे काढायचे आहेत. टिप्स द्या. (इचलकरंजी)

नाही देणार. मन्रोच्या मूळ स्काउटला पुढं ब्रेकच नव्हता, पण त्याच्या पुढं कित्येक मैल नुसतं मीठ होतं, कागलचा हायवे नव्हता आणि उसाची ट्रॉलीपण नव्हती, तीसुद्धा मागं लाइट नसलेली. बोनव्हिलच्या आधी तो गावाजवळच्या ओरेटी बीचवर पळवायचा, ओहोटीच्या वाळूत, आणि तरीपण आयुष्यात बऱ्याच वेळा आपटलाय. वर कायद्याचं बघितलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. हेड घासायची खाज असेल तर एक जुनं हेड जुन्या बाजारातनं आण, त्यावर हात बसव, खराब झालं तर वरच्या वहिनींच्या पेटीत जागा आहे.

प्रश्न: ती गाडी अजून आहे का? बघायला मिळते का? (कसबा बावडा)

आहे, आणि काचेच्या मोठ्या म्युझियममध्ये नाही. इन्व्हरकार्गिललाच ई. हेज म्हणून हार्डवेअरचं दुकान आहे, तिथं ठेवलीय. म्हणजे कोणी पाव किलो खिळे घ्यायला आला तरी बघून जातो. आपल्याकडं लक्ष्मीपुरीत एखाद्या नट-बोल्टच्या दुकानात ही गाडी उभी असती तर पहिल्याच दिवशी कोणीतरी काउंटरवरनं वाकून विचारलं असतं, चेन केवढ्याची बसलीय ओ हिला?